डाव चिंचोक्यांचाच बरा!

दिवाळी आली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट हमखास वाढतात. फटाक्यांच्या धुराने दमा उसळलेले आणि फराळाने पोट बिघडलेले. आज मी एका तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहिणार आहे. तो दरवर्षी येतो असे नाही. पण आला की घरच्यांना ओळखता येत नाही आणि, कबूल करायला हरकत नाही, डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही. हा विषय आहे पत्त्यांचा.

"आरोग्याच्या सदरात पत्ते कशाला?" असे काही वाचक म्हणतील. पण सुट्टीत नातवंडे घरी आली की झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, रमी हे डाव आपल्याकडे पडतातच. तासन्‌तास चालणाऱ्या या करमणुकीचा शरीरावर आणि मनावर परिणाम होणारच. तो कधी चांगला असतो, तर कधी वाईट. दोन्ही बाजू समजाव्यात म्हणून एका घरातली हकीकत सांगतो.

ही २०२३ च्या दिवाळीतली गोष्ट आहे. आमच्या गावातले एक निवृत्त शिक्षक माझे जुने पेशंट आहेत. वय अडुसष्ट. सारा गाव त्यांना 'सर' म्हणतो, मीही म्हणतो. दोन-अडीच वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. म्हणजे हात थरथरतो, चाल मंदावली आहे, अक्षर बारीक झाले आहे. त्या दिवाळीत अमेरिकेत शिकणारा त्यांचा नातू आला होता. त्याने घरच्या मंडळींना तिकडचा 'ड्रॉ पोकर' शिकवला. पैशांऐवजी आजीच्या डब्यातले चिंचोके घेतले होते. मी फराळाला गेलो तर मलाही बसवले आणि अर्ध्या तासात काकूंनी माझे चौदा चिंचोके जिंकून घेतले! सर मनापासून हसत होते. कंपवाताने चेहरा निर्विकार झालेल्या माणसाचे हसू पाहून मला फार बरे वाटले.

हा खेळ आहे तरी कसा?

पोकर हा मूळ अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपी नदीच्या परिसरात, न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला तो रुजला. तेव्हा तो वीसच पानांचा होता. पुढे बावन्न पानांचा झाला आणि नको असलेली पाने टाकून नवी घेण्याची सोय त्यात आली. 'ड्रॉ' म्हणजे हीच पाने बदलून घेण्याची सोय. पुढे अमेरिकेतल्या घरोघरच्या बैठकीत हाच प्रकार रूढ झाला.

खेळायला दोन ते सहा जण हवेत. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. आपल्या तीनपत्तीत 'बूट' म्हणतात तसाच. पाने पिसून प्रत्येकाला पाच पाने पालथी वाटायची. आपापली पाने पाहून वाटणाऱ्याच्या डावीकडून बोली सुरू होते. कोणी दोन चिंचोके लावले, तर पुढच्याने तितकेच लावून डावात राहायचे, किंवा वाढवायचे, किंवा पाने टाकून स्वस्थ बसायचे. सगळ्यांची बरोबरी झाली की ज्याला जितकी पाने नको असतील तितकी त्याने टाकायची आणि गड्डीतून तेवढीच नवी घ्यायची. बऱ्याच घरांत तीन पानांपर्यंतच बदल करू देतात. त्यानंतर बोलीची दुसरी फेरी होते आणि जे उरतील त्यांनी पाने उघडायची. ज्याची जुळणी वरचढ त्याने मधला ढीग उचलायचा.

जुळणीचा क्रम खालून वर असा: काहीच न जुळल्यास सर्वांत मोठे पान, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखी पाने, ओळीने पाच पाने म्हणजे सिक्वेन्स, एकाच रंगाची पाच पाने म्हणजे कलर, तीन सारखी अधिक एक जोडी म्हणजे 'फुल हाउस', चार सारखी पाने, आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. त्यातही एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी एका रंगाची आली तर तिच्यापुढे काहीच नाही.

इथे आपल्याकडे हमखास भांडण होते. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, मग इथे कलर मोठा कसा? सरांनीही नातवाला हेच विचारले. उत्तर गणितात आहे. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे होतो आणि सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ आणि मोठा. पाच पानांत मात्र कलर ५,१०८ प्रकारे आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे होतो. म्हणून इथे कलर वरचढ. जे क्वचित येते ते मोठे, एवढाच नियम. सर गणिताचेच शिक्षक. हे ऐकून त्यांनी कागद-पेन्सिल मागवली आणि सगळे मांडून पडताळून पाहिले.

घरात खेळण्याजोगे प्रकार

याच खेळाचे काही प्रकार घरच्या मंडळींना सहज जमतील.

पहिला, 'गुलामाची जोडी'. ज्याच्या हातात निदान दोन गुलाम किंवा त्याहून वरचढ जुळणी असेल त्यालाच बोली सुरू करता येते. कोणाकडेच नसेल तर पाने गोळा करून पुन्हा एकेक चिंचोका टाकायचा आणि नवा डाव वाटायचा. ज्याने बोली उघडली त्याने शेवटी आपली जोडी दाखवायची. यामुळे उगाच फुशारक्या मारणाऱ्यांना आळा बसतो.

दुसरा, उलटा डाव. यात सर्वांत हलक्या पानांचा हात जिंकतो. एक्का सर्वांत लहान धरायचा, कलर आणि सिक्वेन्स मोजायचेच नाहीत. म्हणजे एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा सर्वांत भारी हात. "माझी पाने नेहमी वाईटच येतात" असे रडणाऱ्या मुलांना हा प्रकार फार आवडतो.

तिसरा, दुर्री जोकर. चारही दुर्र्या कोणत्याही पानाऐवजी चालतात. मोठ्या जुळण्या पटापट होतात, हशा पिकतो. यात पाच सारखी पानेही होऊ शकतात आणि ती सर्वांना भारी ठरतात.

अगदी लहान मुले असतील तर बोली काढूनच टाका. पाने वाटा, एकदा बदला, उघडा. जो जिंकेल त्याला एक चिंचोका.

डोक्याला व्यायाम, मनाला सोबत

आता डॉक्टर म्हणून चांगली बाजू सांगतो. अशा खेळात पाने लक्षात ठेवावी लागतात, हिशेब करावा लागतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधावा लागतो. २००३ साली न्यूयॉर्कमधील पंच्याहत्तरीच्या पुढच्या ४६९ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र यावरून "पत्ते खेळा, स्मृतिभ्रंश टाळा" असा अर्थ काढू नका. ज्यांची स्मरणशक्ती ढासळू लागते ते असे खेळ आपणहून सोडतात, हेही एक कारण असू शकते. म्हणूनच एक खूण सांगतो. वर्षानुवर्षे झकास मेंढीकोट खेळणारे आजोबा अचानक हुकूम कोणता हे विसरू लागले, मांडलेला डाव टाळू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि एकटेपणावर चार माणसांत बसण्याइतके स्वस्त औषध नाही. थरथरणाऱ्या हातांना पाने धरता येत नसतील तर लाकडी पट्टीला खाच पाडून तीत पाने उभी करून द्या. सरांना नातवाने तशीच पट्टी करून दिली होती.

बसून राहण्याचे दुखणे

पण सतरंजीवर चार-चार तास मांडी घालून बसणे शरीराला मानवत नाही. गुडघे आखडतात, कंबर धरते, पायांवर सूज येते. पायांतल्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वयस्क, स्थूल आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्यांना अधिक. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाच मिनिटे फिरा. प्रोस्टेटचा त्रास असलेले गृहस्थ "हा डाव संपू दे" म्हणून लघवी तुंबवून ठेवतात आणि मध्यरात्री नळी घालायला डॉक्टरला उठवतात. कृपया असे करू नका. मधुमेही मंडळींनी शेजारच्या चिवडा-शंकरपाळ्यांच्या ताटलीवर लक्ष ठेवावे. पत्त्यांच्या नादात हात किती वेळा गेला याची मोजदाद राहत नाही. रात्रीची औषधे डाव सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवा. आणि बंद खोलीत विडी-सिगारेट अजिबात नको.

फेब्रुवारीतली ती सकाळ

आता हकीकतीचा पुढचा भाग. नातू परत गेला. फेब्रुवारीत एके सकाळी काकू एकट्याच दवाखान्यात आल्या. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पत्ते खेळतात. पैसे लावून. काल बँकेचं पुस्तक पाहिलं. एक लाख चाळीस हजार गेलेत. विचारलं तर अंगावर येतात. पन्नास वर्षं सुपारीचं खांडसुद्धा न खाल्लेला माणूस हो!"

मी त्यांना धीर दिला आणि सरांना बोलावून घेतले. खरे सांगायचे तर मी त्यांना उपदेश केला. वय काय, मान काय, मुलांना तुम्ही काय शिकवलेत, वगैरे. सर मान खाली घालून बसले होते. एवढेच म्हणाले, "मला कळतं रे सगळं. पण हात थांबत नाही." मी मनातल्या मनात नातवालाही दोष दिला. त्याने पोकर शिकवला नसता तर ही वेळ आली नसती, असे मला वाटले.

तीन आठवड्यांनी काकू पुन्हा आल्या. आणखी साठ हजार गेले होते. या वेळी त्या सहज बोलून गेल्या, "आता खातातही फार. रात्री उठून गोड शोधतात. पूर्वी असे नव्हते." तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. मी सरांची फाइल काढली. मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दिवाळीआधी जुलैत एक औषध सुरू केले होते आणि डिसेंबरात त्याचा डोस वाढवला होता. 'हात थांबत नाही' याचे कारण तिथे होते. ती फाइल पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली नव्हती.

औषध आणि अनावर ओढ

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते. ते भरून काढण्यासाठी एका गटातील औषधे देतात. ती डोपामिनसारखे काम करतात. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्यांतली नेहमीची. हालचाल सुधारायला ती चांगली उपयोगी आहेत. पण डोपामिनचे काम केवळ हालचालीपुरते नाही. काही मिळाल्याचा आनंद आणि पुन्हा मिळवण्याची ओढ हेही त्याच रसायनाचे काम. म्हणून या औषधांनी काही रुग्णांत ती ओढ बेसुमार वाढते. कोणी जुगार खेळू लागतो, कोणी वाट्टेल ती खरेदी करतो, कोणी अतोनात खातो, कोणाची कामवासना अनावर होते. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० कंपवात रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ही औषधे घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे सतरा जणांत यांतली एखादी अनावर सवय आढळली. झोपेत पाय अस्वस्थ होण्याच्या विकारातही हीच औषधे देतात. मनोविकारात वापरले जाणारे अॅरिपिप्राझोल यानेही क्वचित असे घडते.

मी त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन केला. त्यांनी ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करून दुसरे वाढवले. वाचकहो, इथे एक इशारा: असे औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका. घाबरेपणा, घाम, नैराश्य असा त्रास होतो आणि कंपवातही उसळतो. दीड-दोन महिन्यांत सरांची ती ओढ ओसरली. ते स्वतःच म्हणाले, "गुंगीतून जागा झाल्यासारखं वाटतं." गेलेले दोन लाख मात्र परत आले नाहीत.

औषध नसतानाही

प्रत्येक जुगाऱ्याच्या मागे गोळी असते असा अर्थ काढू नये. बहुतेकांत ती नसते. पण जुगाराचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. २०१३ सालापासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याची गणना दारूसारख्या व्यसनांबरोबर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या यादीतही तो आहे.

हे व्यसन लागते कसे? पोकरचेच उदाहरण घ्या. पाच पाने वाटली की शंभरात ब्याण्णव वेळा एका जोडीपेक्षा अधिक काही हाती येत नाही. एकाच रंगाची चार पाने हाती असतील तर पाचवे येण्याची शक्यता सत्तेचाळिसात नऊ, म्हणजे पाच वेळांत एकदाही नाही. मधले एकच पान हवे असेल, उदाहरणार्थ चव्वी, पंजी, सत्ती, अठ्ठी हाती आणि छक्की हवी, तर बारा वेळांत एकदा. पण ते एकदाचे आलेले पान माणूस आयुष्यभर सांगतो आणि अकरा वेळा न आलेले विसरतो. बक्षीस रोज मिळाले तर कंटाळा येतो, कधीच मिळाले नाही तर माणूस सोडून देतो. अधूनमधून, केव्हा ते न कळता मिळाले की मात्र चटक लागते. मोबाइलवर तर हाच डाव मिनिटात संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो. वाटायला वेळ नाही, चहा नाही, "आता पुरे" म्हणणारे कोणी नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. चांगले झाले. पण कायद्याने दार बंद होते, मनातली ओढ बंद होत नाही. म्हणून घरच्यांनी या खुणा लक्षात ठेवाव्यात:

१) सतत खेळाचेच विचार, झोप आणि काम यांकडे दुर्लक्ष.
२) पूर्वीइतक्या रकमेत मजा न वाटणे, रक्कम वाढत जाणे.
३) हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे.
४) किती गेले याबद्दल खोटे बोलणे, मोबाइल लपवणे.
५) थांबायचा प्रयत्न फसणे, थांबवले तर चिडचिड.
६) उसनवारी, दागिने मोडणे, घरातले पैसे नाहीसे होणे.

यांतल्या तीन-चार खुणा दिसल्या तर भांडू नका, शिव्याशाप देऊ नका. आधी चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. बँकेचे व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. कर्ज फेडायला गुपचूप पैसे देऊ नका, ते पुन्हा तिथेच जातात. मानसोपचारतज्ज्ञांच्या समुपदेशनाने या आजारात चांगला गुण येतो. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि हरलेला माणूस "मी जगून काय उपयोग" असे बोलला तर ते पोकळ बोलणे समजू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

गेल्या दिवाळीत मी सरांकडे पुन्हा फराळाला गेलो. नातू आला होता. पत्त्यांची गड्डी कपाटात होती आणि ती काढावी की नाही या विचारात सगळे गप्प होते. सरच म्हणाले, "काढा रे. खेळाचा काही दोष नव्हता." काकूंनी चिंचोक्यांचा डबा आणला. मी या वेळी सरांची क्षमा मागितली, पहिल्या दिवशी केलेल्या उपदेशाबद्दल. ते म्हणाले, "पाने वाट. माझ्या पट्टीत नीट लाव."

त्या रात्री काकूंनी माझे अकरा चिंचोके जिंकले. साडेनऊ वाजता गड्डी परत कपाटात गेली, सरांनी आपल्या गोळ्या घेतल्या आणि मी घरी आलो.